दिघेकाकांना ऐकू येईल असं हॉटेल

"हे मशीन परत घ्या, अपर्णाबेन," असं म्हणत दिघेकाकांनी डबी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमच्या इथे सगळं स्वच्छ ऐकू येतं. बाहेर गेलं की नुसता कल्ला."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचं ऐकणं तपासायचं आणि ज्यांना गरज असेल त्यांना कानाचं मशीन बसवून द्यायचं, हे माझं काम. बडोद्यात समा भागात एका ईएनटी डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये मी बसते. दिघेकाकांना मशीन देऊन चार महिने झाले होते. नंदेसरीच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी कॉम्प्रेसरच्या शेजारी काढली. कानात बोळे घालणाऱ्याला तेव्हा लोक हसायचे. ऐकणं हळूहळू गेलं, आणि ते रिटायर होऊन घरी बसल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं.

"बाहेर म्हणजे नक्की कुठे त्रास होतो?" मी विचारलं.

उत्तर त्यांच्यासोबत आलेल्या काकूंनी दिलं.

एका सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी नव्या, झगमगीत हॉटेलात होती. काकांच्या शेजारी त्यांचा जुना मित्र बसला होता. तो हळू आवाजात सांगत होता की बायकोचं दुखणं आता बरं होण्यातलं नाही. काकांना ओठ हललेले दिसले, शब्द एकही कळला नाही. त्यांनी हसून मित्राच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वा! मजा आहे बुवा तुझी!"

मित्र जेवण टाकून उठून गेला. तो काय सांगत होता ते काकांना नंतर दुसऱ्यांकडून कळलं, आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्या घरी जाऊन रडले. मित्राने समजून घेतलं, पण काकांनी त्यानंतर बाहेर जेवायला जाणंच बंद केलं.

"आणि आता पुढच्या रविवारी मृदुलाच्या होणाऱ्या सासरची माणसं येताहेत," काकू म्हणाल्या. मृदुला म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. होणारा नवरा गुजराती, सुरतचा. दोन्ही घरांची ही पहिलीच भेट. मृदुलाला ती एखाद्या छानशा हॉटेलात व्हायला हवी होती, कुणाच्या घरी नको. "आणि हे म्हणतात, सांगून टाक, बाबांना ताप आलाय."

"मी तिथे भलतंच काहीतरी बोललो तर?" काका म्हणाले. "पोरीचं लग्न मोडायचं का माझ्या कानांपायी?"

मी मशीन तपासलं. ते व्यवस्थित चालत होतं. मग मी काकांना समजावून सांगितलं. मशीन आवाज मोठा करतं, पण त्याला माणसाइतकी निवड करता येत नाही. समोरच्याचं बोलणं आणि मागच्या टेबलावरचे काटेचमचे, दोन्ही कानात येतात. त्यात आजची फॅशनेबल हॉटेलं म्हणजे काच, दगड, लोखंडी खुर्च्या आणि उघडं उंच छत. पडदा नाही, गालिचा नाही, टेबलावर कापडही नाही. अशा जागी आवाज विरत नाही, भिंतींवर आपटून परत येतो. चांगले कान असलेल्यांनाही तिथे ओरडून बोलावं लागतं.

"मग दोष हॉटेलाचा?" काकांनी विचारलं.

"निम्मा तरी."

"मग तुम्हीच शोधून द्या हॉटेल," काकू म्हणाल्या. त्या गमतीने म्हणाल्या असाव्यात. मी हो म्हणून बसले.

संध्याकाळी आमच्या डॉक्टर मेहतांना सांगितलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अपर्णा, तू ऑडिओलॉजिस्ट आहेस की टेबल बुक करणारी?"

"सर, एका महिन्यात मशीन परत करायला आलेले हे तिसरे पेशंट. तिघांचीही तक्रार हॉटेलची किंवा लग्नाच्या हॉलची आहे."

"पण तो आपला विषय नाही."

"मग कुणाचा?"

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "जा," म्हणाले. "पण ओपीडी संपल्यावर."

शुक्रवारी दुपारी चार वाजता मी, काका आणि मृदुला मृदुलाच्या आवडीच्या हॉटेलात गेलो. नवव्या मजल्यावर, तिन्ही बाजूंनी काच, खाली सगळं बडोदं. आवाज मोजायचं छोटं यंत्र मी पर्समध्ये घेतलं होतं. आकडा छान खाली होता. काकांनाही सगळं ऐकू येत होतं. मृदुला खूश झाली. मी म्हटलं, "चला, झालं काम. बुक करून टाक."

काका उठले नाहीत. रिकाम्या टेबलांकडे बघत म्हणाले, "अपर्णाबेन, प्लांट बंद असताना आम्ही आवाजाचं रीडिंग घेत नव्हतो."

मी चपापले. पंधरा वर्षं हे काम करते, आणि रिकाम्या हॉटेलात आवाज मोजून निघाले होते! काका पुढे म्हणाले, "फुल लोडवर बघायचं. शनिवारी, आठ वाजता."

शनिवारी आठ वाजता आम्ही पुन्हा तिथेच गेलो. लिफ्टचं दार उघडताच अंगावर आवाज कोसळला. चालू मिक्सरजवळ उभं राहून गप्पा माराव्यात, तशी गत होती. मृदुलाने काहीतरी विचारलं. मलाच ते ऐकू आलं नाही. काका तिच्याकडे बघून कसंनुसं हसले आणि त्यांनी मान हलवली.

मृदुलाने ते हसू पाहिलं आणि ती आम्हा दोघांजवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी काय विचारलं?"

काका लिफ्टकडे वळले.

"मी विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये का. तुम्ही हो म्हणालात."

खाली आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे घरीसुद्धा तुम्ही इतके दिवस असंच..." पुढचं तिने गिळलं. तोवर तिला वाटायचं, बाबांना आपल्या बोलण्यात रस उरलेला नाही. त्या फुटपाथवर तिने त्यांचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

दुसरं हॉटेल आम्ही दारातूनच नापास केलं. तिथे आत लाइव्ह बँड चालू होता.

तिसरं मृदुलाने फोनवर शोधून काढलं. कपड्यांच्या एका जुन्या शोरूमचं हॉटेल केलेलं होतं. भिंतींवर हाताने विणलेली मोठमोठी कापडं, खाली जाड गालिचा, बसायला गादीच्या खुर्च्या आणि कोच. दिसायला इतकं देखणं की मृदुलाचा चेहरा उजळला. जागा तुडुंब भरलेली, तरीही माणसं साध्या आवाजात बोलत होती. मी यंत्र बाहेर काढलं आणि काकांकडे पाहून मान डोलावली.

तिथल्या मॅनेजर फाल्गुनीबेन होत्या. आम्ही यंत्र घेऊन टेबलाटेबलाशी थांबतोय हे बघून त्या लगबगीने आल्या. "शुं थयुं, बेन? काही प्रॉब्लेम?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्युझिक तर पूरं बंद नही होगा. लेकिन हर स्पीकर का स्विच अलग छे. कोपऱ्यातला बंद करून देते, चालशे?"

"चालशे, चालशे!" काकाच म्हणाले.

आता खुर्ची ठरवायची होती. काकांना भिंतीला पाठ लावून बसायचं होतं. म्हणाले, "म्हणजे सगळे दिसतील." मी त्यांना उलटं बसवलं. त्यांच्या मशीनला पुढचा आवाज जास्त घ्यायला आणि मागचा दाबायला शिकवता येतं. म्हणून गोंगाटाकडे पाठ करायची आणि आपली माणसं समोर भिंतीशी बसवायची. टेबल गोल हवं, म्हणजे प्रत्येकाचे ओठ दिसतात. एक अडचण उरली, उजेडाची. असल्या हॉटेलांत अंधार ही फॅशन असते, आणि अंधारात ओठ वाचता येत नाहीत. फाल्गुनीबेन काउंटरवरचा पितळी दिवा घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "रविवारी हा इथेच असेल."

टेबल ठरलं. पण मला काकांना अजून एक गोष्ट सांगायची होती.

"काका, त्या मंडळींना आल्या आल्या सांगून टाका, मला कमी ऐकू येतं."

"ते नाही जमणार," काका म्हणाले. "मुलीचा बाप आहे मी. पहिल्याच भेटीत आपली खोट दाखवू?"

मी दोनदा समजावलं. त्यांनी विषय बदलला. मीही सोडून दिलं.

रविवारी मी तिथे नव्हते. नऊ वाजता फोन येईल असं वाटलं होतं, आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काका-काकू क्लिनिकमध्ये आले ते हसतच.

झालं होतं असं. सुरतची मंडळी आली, बसली. मुलाचे वडील मृदू बोलणारे. त्यांनी पहिलंच वाक्य मेन्यूत डोकं घालून उच्चारलं. काकांना ते कळलं नाही. काकू म्हणाल्या, "मला वाटलं, आता हे हसणार आणि मान हलवणार."

काका हसले नाहीत. त्यांनी कानामागचं मशीन बोटाने दाखवलं आणि व्याह्यांना त्यांच्याच भाषेत हाक मारून म्हणाले, "वेवाई, कारखान्यात कान गेले माझे. माझ्याकडे बघून बोला, म्हणजे तुमचा एकही शब्द वाया जाणार नाही."

व्याह्यांनी लगेच मेन्यू बंद केला. खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "मी विचारत होतो, लग्नानंतर मृदुलाने नोकरी चालू ठेवली तर तुमची काही हरकत नाही ना? आमची तर इच्छा आहे की तिने ठेवावी."

हे सांगून काकांनी मलाच विचारलं, "अपर्णाबेन, या प्रश्नावर मी नुसता हसलो असतो तर?"

सगळंच सुरळीत गेलं असं नाही. मध्येच शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा केक आला, टाळ्या आणि गाणं सुरू झालं. काकांना काही ऐकू येईना. त्यांनी सरळ हात वर करून सांगितलं, "हे संपू दे, मग बोलू." सहाही जण चुपचाप उंधियू खात बसले. काकू म्हणाल्या, ती पाच मिनिटं सगळ्यात आपलेपणाची होती.

हॉटेलातून निघताना काकांनी फाल्गुनीबेनना हात जोडले होते. आता क्लिनिकमध्ये मलाही जोडायला लागले, तर मी ते खाली घेतले. आभार मीच मानायला हवे होते. फुल लोडवर बघायचं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते एका कॉम्प्रेसर ऑपरेटरने शिकवलं. उरलेलं शिकवलं एका हॉटेल मॅनेजर बाईंनी, ज्यांना कुठला स्पीकर कुठल्या स्विचवर आहे हे पाठ होतं.

साखरपुडा झाला. डॉक्टर मेहतांनी सगळी हकिगत ऐकली आणि फक्त "हं" म्हणाले. मात्र पुढच्याच आठवड्यात एका आजोबांना त्यांनी स्वतःच विचारलं, "जेवायला बाहेर कुठे जाता?"

आता मशीन दिल्यावर आठ दिवसांनी मी पेशंटला आमच्या गल्लीतल्या खमण-ढोकळ्याच्या दुकानात घेऊन जाते, सकाळच्या गर्दीत. तिथे बाकावर बसून आम्ही दहा मिनिटं गप्पा मारतो. बरेच जण वैतागतात. तक्रार तिथल्या तिथे ऐकलेली बरी. मशीनमध्ये काय बदलायचं ते लगेच कळतं, आणि खमणही गरम मिळतं.