तुळशीवाली आई

जयप्रकाश सोनकांबळे एका जागी स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. वाशीतल्या आमच्या कॉलेजात ते मराठी शिकवायचे, मी इतिहास. स्टाफरूममध्ये त्यांच्या येरझारा चालायच्या, कपातला चहा गार व्हायचा आणि माझं डोकं तापायचं. "सर, बसा हो जरा!" मी ओरडायचे. ते बसायचे, नि मिनिटभरात पुन्हा उभे.

पण निबंधात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. बावीस निबंध ते अकरावीला शब्दन् शब्द सांगायचे. पोरं उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत ओतायची. सगळीकडे हीच रीत होती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. थोरल्या भावंडांच्या वह्या धाकट्यांकडे जायच्या.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मराठी शिकवणाऱ्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग निघाला. सर नाक मुरडतच गेले. दुसऱ्याच दिवशी वर्ग घेणाऱ्या स्मिताबाईंनी सगळ्या शिक्षकांना कोरे कागद वाटले आणि 'आई' या विषयावर अर्ध्या तासात लिहायला सांगितलं. सरांचं दहा मिनिटांत झालं. त्यांनी ऐटीत वाचून दाखवलं. पहाटे उठून सडा घालणारी, तुळशीला पाणी घालणारी, देवापुढं निरांजन लावणारी आई.

"छान," बाई म्हणाल्या. "ती तुळस अजून आहे का घरी?"

सरांनी कागदाची घडी घातली. नांदेडकडच्या बौद्ध वस्तीतलं त्यांचं घर. तिथं तुळस नव्हती नि निरांजनही नव्हतं. त्यांची आई रखमाबाई जन्मभर वीटभट्टीवर राबली. हा निबंध शाळेत गुरुजींनी सांगितला, यांनी उतरवून घेतला आणि पुढं तोच वर्गातल्या पोरांना सांगत राहिले.

हे मला त्यांनी जूनमध्ये सांगितलं, अर्थात उभ्यानंच. "मॅडम, अकरा वर्षं मी काय शिकवायलोय? स्वतःच्या आईवर मला चार ओळी येईनात. राजीनामा द्यावा म्हणतो."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. माणसाचा चेहरा पार उतरला होता.

"स्मिताबाईंसारखं एकदा वर्गात करून बघतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर निघालो. तुम्ही मागं बसा, म्हणजे मला धीर येईल."

जुलैत अकरावीचा वर्ग भरला तेव्हा मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी काहीच सांगितलं नाही. "आईवर लिहा. मीही लिहितो." मुलं चुळबुळली. "सर, सांगा ना, लिहून घेतो," एकजण कुरकुरला. सर दोन शब्द लिहायचे, खोडायचे, खिडकीशी जाऊन यायचे. माझाच जीव टांगणीला लागला होता.

माझ्या शेजारी बसलेल्या गोजराचं सर्वांत आधी झालं. सरांनी तिला वाचायला सांगितलं. पहाटे उठून सडा घालणारी, तुळशीला पाणी घालणारी आई.

"घरी तुळस आहे?" सरांनी विचारलं.

"नाय सर. आमी दिघ्याला खाणीपाशी ऱ्हातो. आई खडी फोडते."

"मग हे?"

"ताईच्या वहीत होतं. तुमीच दिलंय ना, सर."

सरांनी टेबलाची कड घट्ट धरली. मग स्वतःचा खाडाखोड केलेला कागद उचलून वाचू लागले. "भट्टीवरून आली की आई हात धुतल्याशिवाय माझ्या वहीला शिवायची नाही. आणि धुतल्यावरही शिवायची नाही. लांबूनच विचारायची, आज किती भरली?" एवढंच जमलं होतं.

पोरांनी माना वर केल्या. मग गोजरानंच विचारलं, "सर, असं खरं लिवलं तर मार्क पडतील?"

बोर्डाचे पेपर सर दरवर्षी तपासायचे. खोट्या निबंधांना भरभरून मार्क त्यांनीही दिले होते. 'पडतील' अशी थाप मारणं सोपं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "पण मला वाचायचंय."

गोजरानं बराच वेळ पेनाचं टोपण चावलं. मग नवं पान काढून लिहिलं, "माझं कॉलेज कुठं आहे ते आईला माहीत नाही."

सर बाकांमधून चालत आले. तिच्या खांद्यावरून त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"पुढं?" ते म्हणाले.