विरोधातला एक हात

आमच्या मराठी मंडळात कुठलाही ठराव कधी एकमताने मंजूर झाला नाही, आणि त्याला कारण एकच, सोव्हिएतकाका. अध्यक्षांनी "सगळ्यांना मान्य?" म्हणायचा अवकाश, मागच्या रांगेतून काकांचा हात वर! गणपतीच्या जेवणात मसालेभात ठेवायचा म्हटलं तरी हात वर.

"अहो काका, तुम्हाला मसालेभात आवडत नाही?"

"दोनदा घेतो. पण तोच का, हे कुणीतरी विचारायला नको?"

काका अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांचा अभ्यास रशियन क्रांतीच्या वेळच्या पेट्रोग्राड सोव्हिएतचा, म्हणजे कामगारांनी आणि सैनिकांनी निवडून दिलेल्या त्या शहराच्या परिषदेचा. डॉक्टर-इंजिनिअरांनी भरलेल्या आमच्या गावात हे म्हणजे भलतंच! नवीन आलेली मंडळी हळूच विचारायची, "यात जॉब मिळतो?" त्यातून दिवस ऐंशीच्या दशकातले, रशियाचं नाव काढलं तरी लोक दचकायचे. काकांच्या घरी येणारी रशियन वर्तमानपत्रं बघून शेजारच्या गोऱ्या गृहस्थाला संशय आला, तर काकांनी त्याला घरात बोलावून चहा-चिवडा दिला आणि दोन तास ती परिषद समजावून सांगितली. त्यानंतर बिचारा लांबूनच हात करायचा.

"सुरुवातीला काय गोंधळ असायचा तिथे!" काका सांगायचे, जणू सकाळीच तिथून आले आहेत. "चिखलाचे बूट, सिगारेटचा धूर, कुणाचं कुणाला पटत नाही. निवडून दिलेला माणूस नीट वागला नाही, तर कारखान्यातले लोक त्याला परत बोलवायचे."

"मग बिनसलं कुठे?"

"पुढे एकाच पक्षाचं राज्य झालं. वेगळं बोलणाऱ्यांना बाहेर काढलं. परिषद बंद नाही केली हं कुणी! सभा व्हायच्या, हात वर व्हायचे, सगळे एकदम. तिथेच ती मेली."

हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा, घरातलंच कुणी गेल्यासारखा.

स्वतःच्या घरात मात्र चिडीचूप. "दोडक्याच्या भाजीला कधी विरोध केलात का हो?" सुमनकाकू सगळ्यांसमोर विचारायच्या. "इथे एकपक्षीय राजवट आहे," काका म्हणायचे आणि निमूट वाढून घ्यायचे.

आम्ही सगळेच हसायचो त्यांना. मीही. मग माझा घटस्फोट झाला.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष डॉक्टरांनी ठराव मांडला की यापुढे सभासदत्व फक्त जोडप्यांना. "पर्सनल काही नाही हं, नियम जरा क्लीन-अप करतोय," असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले. आख्ख्या मंडळात एकटी होते मीच. शेजारच्या खोलीत माझी सात वर्षांची मुलगी गणपतीच्या नाचाची प्रॅक्टिस करत होती. मी गेले असते तर तीही गेली असती, तिची मराठी शाळा, तिच्या मैत्रिणी, सगळंच. मी आणलेली कोशिंबीर तशीच मांडीवर धरून बसले होते.

"सगळ्यांना मान्य?"

हात वर. एकच.

कुणीतरी हसलं. डॉक्टर वैतागून म्हणाले, "काका, प्लीज, आज तरी नको."

"कारण सांगतो," काका उभे राहिले. नुसता विरोध त्यांना चालायचा नाही, कारण द्यायलाच हवं. "मसालेभाताला मी सवयीने हात वर करतो. आज सवयीने केलेला नाही. वसुधाच्या घरी आपण सगळे जेवलोय. तिला बाहेर काढायचंय, तर क्लीन-अप म्हणू नका. तिच्याकडे बघा आणि मग हात वर करा."

पहिला हात सुमनकाकूंचा वर गेला, विरोधात. मग त्यांच्या शेजारचा. मग आणखी. ठराव पडला. डॉक्टर नंतर माझ्याजवळ आले आणि कोशिंबीर मागून घेतली. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

पुढे काकांची दृष्टी अधू झाली. गाडी चालवता येईना, आणि गाडीशिवाय एडिसनमध्ये राहायचं कसं? पार कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून मुलगा न्यायला आला. मंडळाने निरोपाची सभा ठेवली. डॉक्टरांनी खरंच सुंदर भाषण केलं, आणि काकांना आनंदाने निरोप देण्याचा ठराव मांडला. "स्वतःबद्दलच्या ठरावाला मत द्यायचं नसतं," म्हणून काका हात बांधून बसले होते. डॉक्टर मिश्किलपणे म्हणाले, "चला, आज पहिल्यांदा एकमताने!"

मी हात वर केला.

"कोण आहे?" काकांनी डोळे बारीक करून विचारलं. त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

"मी, वसुधा."

"कारण सांग. नुसता विरोध चालणार नाही."

"तुम्ही जायला नकोय मला. एवढंच कारण आहे, काका."

काकांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ रुमालाने पुसत राहिले. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "लिहा, बहुमताने."

ठराव मंजूर झाला आणि काका गेले.