मोबाईलवरची शिट्टी
सोल्डरच्या राळेचा धूर नाकात गेला की मला मनवेलपाड्याच्या चाळीतली एक दुपार आठवते. मला सोल्डरिंग शिकवणाऱ्या शेजारच्या काकांच्या घरातल्याच दुरुस्तीच्या दुकानात, लग्नांत वाजवणारा एक गिटारवाला आपला व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर घेऊन आला होता. "काका, आवाज टोचतो. जुन्या रेकॉर्डसारखा मऊ करून द्या ना." काकांनी कपॅसिटर बदलला, त्याला वाजवायला लावलं, तरी आवाज कानात घुसतच होता. दुसरा लावला, तरी तेच. "अरे, लोणी झालंय लोणी! तुझेच कान तपासून घे," काका हसत म्हणाले. गिटारवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच इंजिनीअर झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच. चाळीत पेढे काकांनीच वाटले होते. मी मोबाईलवर एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी लावून त्यांच्या कानाशी धरली. "काका, ऐकू येते?" "लाव तर आधी," ते म्हणाले. गिटारवाल्याने तोवर कानांत बोटं घातली होती. काकांनी ती बोटं पाहिली, सोल्डर गन स्टँडवर ठेवली आणि उठून मला खुर्ची दिली. माझ्या हातून आवाज खरंच मऊ झाला. गिटारवाल्याने माझी पाठ थोपटली तेव्हा काका आत मोरीत हात धूत होते, कितीतरी वेळ. त्यानंतर त्यांनी एकही ॲम्प्लिफायर उघडला नाही. आता ते दुकान रविवारी मी उघडतो, आणि लोक माझ्या कानाचं कौतुक करतात. गिटारवाला गेल्यावरही काकांना सांगता आलं असतं. पण मला त्याच्यासमोरच हुशार ठरायचं होतं.