शेषरावांचा अर्धा सेकंद

इकडे उत्तरेत, बनी पार्क वस्तीत आमच्या शेजारी राहणारे शेषराव डुंबरे रेल्वेतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते, पण ते रेल्वेला ठाऊक, त्यांना नाही. दूधवाला चार मिनिटं उशिरा आला तरी त्याला कारण सांगावं लागे. लंडनला दिलेल्या त्यांच्या निशिगंधाचा फोन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे येई. जन्मभर कंट्रोलच्या खरखरत्या फोनवर ओरडलेले शेषराव रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरत. त्यामुळे बापलेकीचं गुपित असं काही उरतच नसे.

ते मूळचे जुन्नरकडचे. तिथल्या आर्वीला उपग्रहाशी बोलणारी अवाढव्य अँटेना आहे, तेव्हा लेकीचा आवाज गावावरूनच येतो, यावर ते ठाम. तसंच केंद्र इथून जवळच्या देहरादूनलाही आहे, हे मी एकदाच सांगून पाहिलं.

१९८४च्या मार्चमध्ये त्यांनी तिला विचारलं, "सुखात आहेस ना गं?"

"हो, बाबा."

फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई, ऐकलंत? हो म्हणायला अडखळली. अर्धा सेकंद!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, "अहो, तुमचा प्रश्न छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जातो, मग तेवढाच खाली येतो. उत्तराचंही तेच. एवढा वेळ लागणारच."

"गाडी लेट झाली की सगळे असंच सांगतात," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा फॉर्म घेऊन आले. महिनाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. मला हसू येई आणि वाईटही वाटे.

एप्रिलच्या रविवारी ते घड्याळ पुढ्यात ठेवूनच बसले.

"सात नवे किती?"

"त्रेसष्ट. बाबा, हे काय?"

"आज वार कोणता?"

"रविवार!"

प्रत्येक उत्तर तेवढंच लेट. शेषराव खुलले. मग स्वतःच शोध लावल्याच्या थाटात त्यांनी लेकीला उपग्रह समजावला, आर्वीसकट. ती खळखळून हसली. हसूही अर्ध्या सेकंदानंच पोचलं.

"आणि तुम्हाला?" तिनं विचारलं. "आई गेल्यापासून करमतं का घरात?"

शेषराव घड्याळाकडे बघत राहिले.

"करमतं की."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "उपग्रहाला एवढा वेळ लागत नाही."

पासपोर्टचा फॉर्म मग मीच भरून दिला.