अक्काच्या गिअरबॉक्सची रबरी रिंग

त्या दिवसांत मला घरात एका जागी बसवत नव्हतं. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी पंप जोडायचं काम करत होते, तो दुसऱ्या राज्यात हलला आणि आम्हाला घरी पाठवलं. हातांना कामाची सवय. मी फळीवरचे डबे उतरवायचे, पुसायचे, परत चढवायचे. पंखा जरा कुरकुरला की स्टुलावर उभी. अशातच एका सकाळी अक्काच्या गाडीखाली फरशीवर लाल ऑइल सांडलेलं दिसलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गारखेड्यात आम्ही दोघीच राहतो. लहानपणीच पोलिओनं तिचा डावा पाय अधू झाला. ती पैठणच्या शाळेत गणित शिकवते आणि रोज स्वतः गाडी चालवत जाते. गाडी जुनी, पण बिनक्लचची, ऑटोमॅटिक; एका पायावर चालते म्हणूनच घेतलेली. लाल ऑइल म्हणजे गिअरबॉक्सचं, एवढं आम्हाला माहीत होतं.

गुलमंडीच्या पलीकडं ओळखीचं गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीनं गाडीखाली टॉर्च मारला आणि हात पुसत उभा राहिला. "देखो ताई, ये ऑटोमॅटिक का गिअरबॉक्स मैं खोलता नै. खोला तो फिर चलेगा की नै, बोल नै सकता. अब निकाल दो ये गाडी."

 परतीच्या वाटेवर अक्का नुसती समोर बघत गाडी चालवत राहिली. मलाच राहवेना. "रिक्षा लावू या का पैठणला? नाहीतर ड्रायव्हर ठेवू," मी म्हटलं. "तू जरा गप बस गं," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी बॉनेट उघडून आत वाकले. गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची पट्टी एका लांब नळीत बसते. ती नळी इंजिनाच्या कडेनं खाली उतरते आणि गिअरबॉक्सच्या भोकात शिरते. मी तो भाग फडक्यानं कोरडा केला, अक्काला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि बघत राहिले. नळी जिथं आत शिरते नेमका तिथंच लाल ओलावा धरला. गिअरबॉक्सला काहीच झालं नव्हतं. सांध्यातली रबरी रिंग गेली होती. पंपांना तसल्याच रिंगा बसवण्यात माझी वर्षं गेली होती.

"रिंगच आहे," मी ओरडलेच. "अक्का, आपण करू."

"आपण?"

"मग कोण?"

चिकलठाण्याच्या एका सीलच्या दुकानात मापाची रिंग मिळाली, ऑइलमध्ये टिकणारी. रविवारी आम्ही पैठण रस्त्यावरच्या एका वॉशिंग सेंटरवर गेलो, कारण तिथं गाडी वर चढवायला पक्का रॅम्प होता. त्याचे मालक म्हातारे होते. घराणं मेंढरं राखणारं, आणि अजूनही मागच्या कुंपणात दहा-बारा मेंढरं बांधलेली. अक्कानं विचारलं तसे ते म्हणाले, "लावा की गाडी. आज लई गर्दी नाय. पण तुमी दोघीच करणार व्हय?"

"दोघीच," अक्का म्हणाली.

गाडी वर चढवली, चाकांना दगड लावले, इंजिन गार होऊ दिलं. मी खाली शिरले आणि आधी थोडं ऑइल कापलेल्या कॅनमध्ये काढलं, म्हणजे नळी निघाल्यावर धार लागायला नको. नळीला वर धरून ठेवणारा बोल्ट रॅम्पवर बॉनेटपाशी उभ्या असलेल्या अक्कानं काढला. पण नळी जागची हलेना. मी खालून फिरवून बघितली, ठोकून बघितली. घाम डोळ्यांत गेला. मेंढरं सारखी ओरडत होती, रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि माझा धीर सुटत चालला होता.

"तू सरक," वरून अक्का म्हणाली. आयुष्यभर कुबडीवर भार टाकून तिचे दंड पुरुषासारखे झाले आहेत. तिनं कुबडी बाजूला ठेवली, पोट गाडीच्या कडेला टेकवलं आणि नळी दोन्ही हातांनी धरून ओढली. काही होईना. मग हळूहळू पिळत पिळत ओढली आणि नळी एकदम निघाली.

जुनी रिंग कडक होऊन तिचे तुकडे पडले होते. काही नळीला चिकटलेले, काही भोकाच्या काठावर. ते आत पडले तर गिअरबॉक्समध्ये जाणार, म्हणून मी श्वास रोखून केसातल्या पिनेनं एकेक बाहेर ओढला. सगळे फडक्यावर गोल मांडले, तर रिंग पुरी होईना. नखाएवढी जागा रिकामी राहिली.

मी जमीन चाचपली, कॅनमधलं ऑइल फडक्यातून गाळलं, भोकाच्या काठावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. तुकडा नाही तो नाहीच. "आत पडला असंल गं," मी म्हणाले.  "रस्त्यात गिअर अडकला म्हणजे?"

अक्कानं वरून नळीचं टोक पुसून माझ्याकडं दिलं. मग म्हणाली, "नवी रिंग बसव."

रिंगला ऑइल चोळून मी ती बसवली. नळी दाबली तशी ती गच्च बसली. बोल्ट आवळला. काढलेलं ऑइल टाकून दिलं आणि नवं, इंजिन चालू ठेवून, पट्टीवरच्या खुणेपर्यंत भरलं. सांधा कोरडा राहिला. पण मला चैन नव्हतं. मीच म्हटलं, चढावर बघू, खुलताबादच्या घाटात जाऊ.

वाटभर मी कान लावून बसले होते. प्रत्येक गिअर पडताना माझी मूठ आवळायची. चढ आला, गाडी जड झाली, गिअर खाली आला आणि गाडी सुरळीत वर चढली. वर एका कडेला अक्कानं गाडी थांबवली. मी लगेच खाली वाकले. काही गळत नव्हतं.

"आता बस जरा," ती म्हणाली. कुणीतरी पाट्यांत सीताफळं मांडली होती. तिनं घेतली आणि गाडीतच फोडून खाऊ लागली. खाता खाता म्हणाली, "तुला एक सांगितलं नाही कधी. गाडी घ्यायच्या आधी एकदा पैठणच्या स्टँडवर मला यष्टीत चढायला उशीर होत होता. मागं रांग लागलेली. कुणीतरी मागून मला काखेत हात घालून उचललं आणि आत ठेवलं. पोत्यासारखं. माझे विद्यार्थी होते त्या गाडीत. त्या माणसानं चांगल्या मनानंच केलं गं. पण मी त्याच आठवड्यात गाड्या बघायला लागले."

 "तुकडा आतच असंल तर?" एवढंच निघालं माझ्या तोंडून.

"असंल तर असंल. ज्या दिवशी अडकंल त्या दिवशी बघू."

सोमवारी ती नेहमीसारखी पैठणला गेली. मी दुपारपर्यंत तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. संध्याकाळी ती आली, गाडी लावली आणि चहा टाक म्हणाली. गाडी अजून चालते आहे. तो तुकडा कुठं गेला ते आम्हाला कधीच कळलं नाही.