येते म्हणून गेलेली माणसं

अलिबागकडच्या आमच्या घरी परवा मलिदा होता. मलिदा म्हणजे आम्हा बेने इस्रायल ज्यूंची गोड पोह्यांची, खोबऱ्याफळांची पूजा. जेवायला रिबकाआत्या आणि मी, दोघीच. तरी आत्यानं सगळी ताटं घासून अंगणात उन्हाला लावली होती. प्रत्येक ताटावर नाव कोरलेलं, दाविद, सिमा, एस्तेर. सगळे कधीच इस्रायलला गेलेले.

"आत्या, देऊन टाक की ही ताटं."

"एस्तेर जाताना काय म्हणाली? जाते म्हणाली? येते म्हणाली ना? मग ताट तिचं आहे."

निरोप घेताना 'जाते' म्हणायचं नाही, एवढीच ती रीत. पण आत्यानं तो शब्दच धरून ठेवलाय. मधे समुद्र असो, वर्षं असोत, त्याचा दुसरा अर्थ ती कुणाला लावू देत नाही. आणि आम्हाला लोक विचारतात, "तुम्ही कधी जाणार तिकडे?" जसे काही आम्ही इथले पाहुणेच! अहो, पाहुणे तुम्ही. या, बसा, मलिदा खा. घर आमचं आहे.

दुपारी शेजारच्या सुलभाकाकू आल्या. आत्यानं त्यांना एस्तेरच्या ताटात वाढलं, नको नको म्हणत असताना दोनदा वाढलं. हात धुऊन काकू उंबऱ्यापाशी थांबल्या.

"येते हं, रिबकाताई."

आत्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस?"