बूथातलं बोलणं

"पूस ते. पदरानं पूस," साहेब मनले.

माझ्या कडंवरच्या लेकरानं साहेबाच्या टेबलाजवळ मुतलं व्हतं. दीड वर्षाची पोर. सकाळी दहापासून आमी दोघी मायलेकी तालुका कचेरीच्या व्हरांड्यात उभ्या, आत बोलावलं तव्हा दोन वाजून गेलते. लेकराला काय कळतंय साहेब कोन अन् कचेरी कशाची. मी मनले, फडकं द्या, पुसते. तर मनले फडकं कशाला, पदर हाय की. तिथं हवालदार व्हता, दोन कारकून व्हते. एकजण हसला. मी खाली बसले, लेकरू एका हातात, दुसऱ्या हातानं पुसलं. पदरानंच पुसलं. साहेबाचे बूट माझ्या तोंडापाशी, पर त्यांनी पाय सुदिक मागं घेतला न्हाई.

तव्हा मी भ्याले व्हते. पर आता सांगते, पहिल्यापासून सांगते, मधी थांबले तर ऱ्हाऊन जाईल.

आमचा टेलिफोनचा बूथ हाय. केजकडं जाणाऱ्या रस्त्याला, यष्टी थांबते तिथं, पिवळा डबा. मालकाचा, मपल्या नवऱ्याचा, एक पाय ल्हानपणी पोलिओनं गेला, मनून अपंगाच्या कोट्यातून भेटला. त्याच्यासाठी मालकानं किती चकरा मारल्यात बीडला, कुबडी घासून गेली. सकाळी ते बसतेत, दुपारून मी. मी पाचवी शिकलेली. आकडे येतेत. वाचाय बी येतं, हळू, बोट ठिवून.

आमच्याकडं लोकाला नंबर फिरवता येत न्हाई. चिठ्ठी देतेत, मी लावून देते. बूथातला पंखा बंद पडल्यापासून दाराला वीट लावलेली, दार लावलं की आत माणूस उकडून निघतंय. त्यामुळं समद्याचं समदं माझ्या कानावर. कोणाची पोरगी नांदंना, कोणाचा पोरगा कारखान्यावरून पळाला. मालकानं पहिल्याच दिशी सांगलतं, बूथवर बसणाराला कान नसतेत. मी कोणाचं कोणाला सांगत नव्हते.

उन्हाळ्यात हवालदार आला. खुर्चीवर बसला, च्या पेला.

"वैनी, एक वही ठिवा. कोन आलं, कुठं लावला, काय बोललं."

"काय बोललं ते बी?"

"ते बी. सरकारी काम हाय, कोणाला सांगायचं न्हाई. मालकाला बी न्हाई."

"कावून पर?"

"कावून इचारायचं काम तुमचं न्हाई. बूथ कोणी दिला? सरकारनी. मंग?"

मी वही ठिवली. आठ दिसांनी त्यानं ती पाहिली अन् मनला, अक्षर चांगलंय की वैनी तुमचं. खोटं कावून बोलू, मला बरं वाटलं. शाळा सुटल्यापासून मपल्या अक्षराला कोणी चांगलं मनलं नव्हतं. वर्दीतला माणूस आपल्या दारी बसून च्या पेतो, याचाच मला तोरा. आता आठवलं की सोताच्या थोबाडीत मारावं वाटतंय.

मंग सिस्टर आली. सरकारी दवाखान्यातली सिस्टर, लातूरकडची. माझं बाळतपण तिनंच केलं, पोर आडवी व्हती तरी मला जित्ती ठिवली. चिठ्ठी दिली, मनली औरंगाबादला लाव. पेपरचा नंबर व्हता. मी लावला. ती हळूच बोलायली, पर तिकडून ऐकू जाईना, मनून मोठ्यानं बोलावं लागलं.

"वस्तीवरची तीन लेकरं गेली. जुलाब-उलटीनं. रजिस्टरला ताप लिहायला लावलं. टँकर धरणावर जातच नाही, नाल्याकडच्या विहिरीवर भरतात. मी वर लिहून दिलं, तर म्हणाले हे गोपनीय आहे, तोंड उघडू नको."

बोलता बोलता रडायली. फोन ठिवला, डोळे पुसले, बाहीर आली, माझ्या पोरीच्या गालाला हात लावला.

"टँकरचं पाणी उकळून दे गं हिला. गार करून दे, पण उकळून."

मी उकळलं. त्याच सांजच्याला पातेलं चुलीवर ठिवलं. अन् त्याच वहीत बोट ठिवून ठिवून लिहिलं बी. सिस्टर. औरंगाबाद. लेकरं मेली. पाणी.

मपलं लेकरू वाचवायला तिचं ऐकलं, अन् तिचंच नाव दिलं. दोनी एकाच हातानं. तव्हा मला यात काय वाईट हाय हेच कळलं न्हाई. सरकारनी सांगलं मनून लिहिलं. सरकारला लेकरं मेलेली कळतील तर बरंच हाय, असं बी वाटलं. येडी मी. सरकारला लेकराचं पाहिजेच नव्हतं. सांगणारी पाहिजे व्हती.

पेपरात आलं. हवालदार आला, वहीतला तेवढा कागद फाडून घिऊन गेला. सिस्टरला घरी बसवलं. टँकर तसाच, विहीर तीच.

गावाकडं जायच्या दिशी ती पिशवी घिऊन बूथवर आली, घरी फोन लावायला. मनली, "चौकशी लावली गं बीडला. मी बोलले हे कोणी सांगितलं, कळत नाही." अन् पोरीकडं बघून मनली, "उकळून देतेस ना?"

मी मनले हाव.

यष्टी आली, ती गेली. मी तिच्याकडं बघू शकले न्हाई.

त्याच्यानंतर मला कचेरीत बोलावणं आलं. मुतलेलं पुसून उठले तर साहेबानं टाइप केलेला कागद म्होरं सारला. वरून जाडी फाइल ठिवलेली. खालची दोन बोटं जागा तेवढी उघडी.

"इथं सही कर."

"काय लिहिलंय?"

"तुझा जबाब आहे. गोपनीय आहे. वाचायचा नाही."

"मपल्याच नावाचा हाय ना?"

"नाव तुझं. कागद सरकारचा."

कारकून पुन्यांदा हसला. पदर वला, पायाला चिकटायलेला. काय झालं ठावं न्हाई मला, मी फाइल उचलली. उचलून बाजूला ठिवली अन् बोट ठिवून वाचाय लागले. हवालदार मनला, "ओ वैनी, ओ." मी थांबले न्हाई. अवघड अक्षरं व्हती, पर एक ओळ नीट वाचली. सदर परिचारिका फोनवर हसत हसत खोटी अफवा पसरवीत असल्याचे मी ऐकले.

हसत हसत.

मी मनले, "ती हसत नव्हती. रडत व्हती."

साहेब मनले, "तुला कोणी विचारलं?"

"तुमीच इचारलं. वही ठिवायला लावली. काय बोललं ते लिव मनले. मी लिहिलं. ह्यात ते न्हाई."

"बूथ जाईल. नवऱ्याला भीक मागायला बसवशील."

हवालदार गोड आवाजात मनला, "वैनी, लेकराचा इचार करा."

"त्याचाच करायलेय," मी मनले. सही केली न्हाई. पोरीला कडंवर घेतलं अन् कागद तसाच ठिवून बाहीर आले.

घरी येऊन मालकाला समदं सांगलं. वहीचं बी. ते मनले, "मपला पाय गेला मनून तो बूथ भेटला. आता त्यो बी तू घालीव." जेवले न्हाईत. आजून बोलत न्हाईत. तिसऱ्या दिशी फोन बंद पडला. मी टेलिफोनच्या हापिसात तक्रार द्यायला गेले तर तिथले मनले, लाइनीत बिघाड हाय, कव्हा निघंल सांगता येत न्हाई. बाजूच्या पोस्टातला फोन चालू हाय.

लोक येतेत, डब्यात डोकावतेत, जातेत. मी येणाऱ्या परतेकाला सांगते. तुमी इथं जे बोललात ते मी लिहून देत व्हते. कोणी शिव्या देतेत. एक म्हातारी थुकली. थुकू द्या. ते मपलंच हाय.

सिस्टरची चौकशी येत्या सोमवारी हाय बीडला. मला कोणी बोलावलं न्हाई. मी जाणार हाय, पोरीला घिऊन. मालक येवोत न येवोत. पहिलं सिस्टरला सांगणार, तुमचं नाव मी दिलं. मंग ती मला मारो, कायबी करो. मंग आत जाणार. दारावरचा शिपाई मनंल, हे गोपनीय हाय बाई, बाहीर ऱ्हा. तर दारातूनच सांगणार, मोठ्यानं, जसं सिस्टरला फोनवर बोलावं लागलं तसं.

तीन लेकरं. जुलाब-उलटी. नाल्याकडची विहीर. रजिस्टरला ताप लिहिलाय. अन् ती हसत नव्हती.